जेवायला या, इंटरनेट नाही

पुष्करनं डब्लिनमध्ये बसून ऑनलाइन मागवलेलं खोकं रोह्याला आमच्या दारात येऊन पडलं, तेव्हा वजनावरून मला वाटलं पोरानं मिक्सर पाठवलाय. उघडलं तर आत काळा, चपटा, आठ अँटेनांचा राऊटर. आमच्याकडे कामाला येणारी मालू हातातला झाडू तसाच धरून बघत राहिली.

"काका, ह्यो उताना पडलेला खेकडा हाय का काय?"

"नेटचं यंत्र आहे."

"जुनं हाय ना एक? त्याला काय झालं?"

जुन्याला काहीही झालं नव्हतं. झालं होतं ते मला, असं माझ्या दोन्ही मुलांचं मत होतं.

लतिका, माझी बायको, होळीच्या सुमारास गेली. सकाळी स्वयंपाकघरात बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती, तिथेच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मी ठीक आहे. हे मी येईल त्याला सांगतो आणि कुणाला पटत नाही. मी रडलो नाही, हा माझा गुन्हा. भेटायला आलेले सगळे 'मोकळे व्हा, मोकळे व्हा' करून गेले. अरे, पण कशातून? दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो, मग आपला गाल आपल्यालाच परका लागतो, चावला गेला तरी कळत नाही. माझं अंगभर तसं होतं. वाईट वाटत होतं असं नाही. वाटतच नव्हतं. मालू दुपारी दोन्ही वेळचं करून, झाकून जायची. मी कधी खायचो, कधी विसरायचो. सकाळी ती झाकणं उचलून बघायची आणि कपाळाला हात लावायची.

"डाल तशीच हाय. भाकरीला तर हात पन नाय लावला. मैथिलीताईला फोन करू?"

तिनं केलाच. मैथिली माझी मोठी मुलगी, पेणला असते, बँकेत आहे. तिचा हुकूम निघाला, की बाबांनी आता पेणला राहायचं. पेणचा तिचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून खालच्या कारखान्यांत वाळत ठेवलेले गणपती दिसतात, रंग न दिलेले, ओळीनं. जावई भला माणूस आहे. मला तिथे कुणी त्रास देणार नाही, वेळेवर ताट पुढ्यात येईल आणि मी तो टीव्हीसमोरचा सोफा गरम करत बसेन. मला ते नको होतं. का नको, हे मुलांना सांगायला मला शब्द सापडेनात. या घरात वस्तू लतिकानं ठेवल्या त्याच जागी आहेत. अंधारात हात लांबवला तरी काडेपेटी सापडते. जे काही माझ्यात गोठून बसलंय ते सुटलं तर इथेच सुटेल. हे घर सुटलं तर मी मरेपर्यंत असाच राहीन, अशी मला भीती होती. त्या दिवसांत मला वाटणारी तेवढीच एक गोष्ट.

भावंडांत भांडण झालं आणि तोड निघाली ती पुष्करच्या डोक्यातून. जेवणाच्या टेबलावर एक कॅमेरा लावायचा. बाबा जेवतात, उठतात, बसतात, एवढं दोघांना दिसलं की झालं. बाबा रोह्यात. नाही दिसलं, तर येत्या रविवारी मैथिली गाडी घेऊन येणार आणि बाबा पेणला. मला कुणी विचारलं नाही. चिडायला हवं होतं. चिडलोही, पण सवयीनं.

कॅमेऱ्याला जुन्याची ताकद पुरायची नाही, म्हणून हा आठ अँटेनांचा खेकडा. केबलवाल्यांकडचा अमोल निडीहून मोटरसायकलवर आला. जुना राऊटर स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांच्या फळीवर होता. लतिकानंच तो तिथे बसवून घेतला होता, कारण स्वयंपाक करताना तिची मालिका अडकलेली तिला चालत नसे. अमोलनं त्याच्या पाठीतली तार उपटली, हॉलमध्ये ओढत नेली आणि नव्याला जोडली.

"जुना आता काही कामाचा नाय, काका. भंगारात टाका."

"टाकतो," मी म्हणालो.

पुढचं काम पुष्करनं तिकडून फोनवर केलं. नव्या राऊटरला त्यानं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, म्हणजे घरातले फोन, टीव्ही सगळे आपोआप जोडले जातील, परत काही करायला नको. आमच्या नेटचं नाव 'जेवायला या'. हीही लतिकाची करणी. मुलं इथे असताना वरच्या खोलीत फोनमध्ये तोंड घालून पडलेली असायची आणि ही खालून हाका मारून घसा कोरडा करायची. शेवटी एकदा वैतागून तिनं पुष्करलाच पकडलं आणि नेटचं नाव 'जेवायला या' असं करून घेतलं. पानं वाढली, की राऊटरचं बटण बंद करून चालू करायची. वर दोन फोनांवर एकदम अक्षरं उमटायची, जेवायला या. आणि यायची गाढवं. मीही यायचो.

"बाबा, जुना काढला ना?" पुष्करनं विचारलं.

"काढला."

मी खोटं बोललो नव्हतो. उभं आयुष्य मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट केल्या. आमच्या भाषेत टाकी काढली म्हणजे लाइनमधून सोडवली. पाइप खोलला, तोंडाला झाकण मारलं, की ती टाकी काढली. मग ती वर्षानुवर्षं तिथेच उभी असते, गंजते, तिच्यावर कबुतरं बसतात. तिच्यातून काही येत नाही, तिच्यात काही जात नाही. जुन्याची तार उपटली होती, म्हणजे तो काढला. विजेचा प्लग तेवढा मी राहू दिला होता.

तो का, तेही सांगतो. लतिका जिथे गेली तिथे, रीतीप्रमाणे, आम्ही दिवा ठेवला होता. तेराव्यानंतर तो उचलला. त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. इतकी वर्षं दिवेलागणीला तिथली ट्यूब ती लावायची. मी बटणाकडे हात नेला आणि थांबलो, कारण अंधार पूर्ण नव्हता. फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी, राऊटरचा हिरवा दिवा लागलेला होता. मी खुर्ची ओढून बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. पुढे ते रोजचंच झालं. मला त्यानं बरं वाटायचं असं नाही. पण तिथे बसल्यावर बरं वाटायला हवं, असं कुणी मला सांगत नसे.

तर नवा राऊटर लागला आणि चालेना.

म्हणजे हॉलमध्ये, त्याच्या पुढ्यात बसलं की पळायचा. फोन घेऊन स्वयंपाकघरात शिरलो की सगळं ठप्प. परत हॉलमध्ये आलो तरी ठप्पच. जेवणाचं टेबल स्वयंपाकघराला लागून, त्यामुळे कॅमेरा तर जन्मल्यापासून आंधळा. फोनवर मात्र ऐटीत लिहून यायचं: जेवायला या. कनेक्ट केले, इंटरनेट नाही.

"बंद करून चालू करा," पुष्कर म्हणाला. केलं. "उंचावर ठेवा." शोकेसवर ठेवला. "शोकेस नको, काच आहे." मग शिवणयंत्रावर ठेवला. "अँटेना उभ्या करा." केल्या. "आता चार आडव्या करा." अरे, मी कवायत घेतोय का? मग चॅनल बदललं, सॉफ्टवेअर नवं घातलं. मग मालूच्या कानातल्या रिंगेचं टोक त्याच्या पाठीतल्या भोकात खुपसून तो कोरा केला आणि पुन्हा तेच नाव, तोच पासवर्ड. पुष्कर त्याची कामं सोडून तासन्‌तास माझ्याशी बोलत होता. आई गेल्यापासून आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो, आणि बोलत होतो ते अँटेनांबद्दल.

अमोल परत आला. त्यानं भिंतीवर टिचक्या मारल्या.

"जांभा हाय, काका. जांभ्यातून रेंज नाय जात."

"जुन्याची जात होती."

"ते पन हाय," म्हणाला आणि डोकं खाजवलं. मग माझा फोन मागितला. "असं करा, आधी हे नेटवर्क विसरा आणि मग परत जोडा."

माझा फोन मराठीत आहे. स्क्रीनवर 'जेवायला या' आणि त्याखाली बटण: विसरा.

"मी जेवायचं विसरतो म्हणून तर हा सगळा खटाटोप चाललाय," मी म्हणालो. अमोलला कळलं नाही. त्यानंच अंगठ्यानं ते दाबलं. मग पासवर्ड टाकून परत जोडलं. स्वयंपाकघरात गेलो, परत तेच.

मंगळवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जाते. गेली. हॉल आणि झोपायची खोली इन्व्हर्टरवर आहेत, तिथले पंखे आणि आठ अँटेनांचा खेकडा तेवढे चालू राहिले. मी टेबलाशी बसून झाकलेल्या आमटीकडे बघत होतो आणि कॅमेऱ्याच्या कपाळावर निळा ठिपका उगवला. तो बॅटरीवर चालतो. पाठोपाठ पुष्करचा फोन.

"बाबा! दिसताय! काय केलंत?"

"काही नाही. लाइट गेली."

"म्हणजे?"

"लाइट गेली आणि नेट आलं."

तो खूप हसला. बऱ्याच दिवसांनी हसला म्हणून मीही हसल्यासारखं केलं. तो म्हणाला, समोरची आमटी खा. मी खाल्ली, त्याच्या डोळ्यांदेखत. मग लाइट आली आणि थोड्या वेळात ठिपका मेला. अमोलला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "काका, उलटं सांगताय तुमी."

मी उलटं सांगत नव्हतो. कंपनीत बिघाड सापडत नसला, की आम्ही पूर्ण युनिट बंद करायचो आणि मग एकेक चालू करत जायचो. बुधवारी मालू गेल्यावर मी मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडला आणि घरात हिंडलो, काय मेलं आणि काय जगलं ते बघत. फ्रिज मेला. मिक्सर तसाही मेलेलाच. स्वयंपाकघरातली ट्यूब मेली. आणि फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी, काहीच नव्हतं. हिरवा दिवा गेला होता. हातातल्या फोनवर पेणचे, डब्लिनचे, कुठले कुठले निरोप पटापटा येऊन पडायला लागले.

मेन वर केला. दिवा आला. निरोप थांबले. जेवायला या, इंटरनेट नाही.

एवढी साधी गोष्ट होती. लाइनमधून काढलेली टाकी गप्प बसते, राऊटर बसत नाही. त्याची तार तुटली तरी तो आपलं नाव घेत राहतो. घरातला प्रत्येक फोन ते ओळखीचं नाव ऐकून त्याच्याकडे धावत होता आणि तिथे काहीच वाढलेलं नव्हतं. दोघांची नावं एक, पासवर्ड एक. स्वयंपाकघरात जुना जवळचा, म्हणून सगळे त्यालाच चिकटत होते. कॅमेराही.

प्लग काढला की संपलं. कॅमेरा लागला असता, पुष्करला मी दिसलो असतो, मैथिलीची गाडी आली नसती. मी हात वर नेला. मग खाली घेतला. ट्यूब न लावता खुर्चीवर बसलो, रोजच्यासारखा.

गुरुवारी पुष्करनं विचारलं, काही सापडलं का? मी नाही म्हणालो. शुक्रवारी त्यानं विचारलं नाही. शनिवारी मालूनं माझे धुतलेले कपडे गादीवर रचून ठेवले.

"ताईनं सांगितलंय. पेनला जायचंय ना तुमाला."

"तुला काय वाटतं मालू, जाऊ?"

"मी काय बोलू, काका? हितं तुमी जेवत नाय. थितं तरी जेवाल." मग फळीकडे बघत म्हणाली, "वयनी असत्या तर बोलायलाच लागलं नसतं."

या घरासाठी मी भांडत होतो आणि ते वाचवायचं तर फळीवरचा तो दिवा माझ्या हातानं घालवायचा. बरं, दिवा कसला, कंपनीनं बसवलेली ठिपक्याएवढी बत्ती. हे मला कळत होतं. कळून हात उचलत नव्हता.

रविवारी मैथिली आली ती तोंड पाडून. रस्त्याला शिव्या दिल्या, डबा टेबलावर ठेवला. "सोड्याची खिचडी आणलीय. जेवू आणि निघू." आणि सरळ माझ्या खोलीत जाऊन बॅग भरायला लागली. मी दारात उभा राहिलो. ती सदऱ्यांच्या घड्या घालत होती, अगदी लतिका घालायची तशा, बाह्या आत दुमडून.

"नेटचं निमित्त आहे, बाबा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "नेट असतं तरी मी आलेच असते. तुम्ही बोलत नाही, जेवत नाही. एकदा तरी रडला असतात तर मी म्हटलं असतं, राहू दे. मला भीती वाटते तुमची."

"बिघाड सापडलाय," मी म्हणालो.

"काय?"

"बुधवारीच सापडला. चल, दाखवतो."

स्वयंपाकघरात नेऊन मी तिला फळी दाखवली. हिरवा दिवा. तिनं हातातला फोन बघितला, मग दिवा, मग परत फोन. माझ्यापेक्षा लवकर कळलं तिला.

"हा चालूच आहे? अहो, मग बंद का नाही केलात? बुधवारी सापडला आणि..."

तिची नजर खाली गेली. फळीच्या खाली, ओट्याला लागून, तिची आई ज्या पाटावर वाल सोलत बसायची तो पाट भिंतीला उभा होता. आणि त्याच्यासमोर माझी खुर्ची. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची इथे का, हे तिनं मला विचारलं नाही.

"तू कर बंद," मी म्हणालो.

तिनं बोट बटणावर ठेवलं. ठेवलं आणि तशीच उभी राहिली. पाठमोरी होती, तरी तिचे खांदे मला दिसत होते.

"मला नाही जमत, बाबा."

मग मी पुढे झालो. माझ्या लेकीला जे जमत नाही ते तिच्यावर ढकलण्याइतका मी बधिर झालो नव्हतो, हे मला तेव्हा कळलं. तिचं बोट बाजूला केलं आणि बटण दाबलं.

दिवा गेला. फळीवर हळद, मोहरी, जिरं आणि एक काळा डबा. दुसरं काही झालं नाही. मग मैथिलीच्या हातातला फोन थरथरला. तिनं सवयीनं बघितलं आणि सवयीनंच वाचलं, लहानपणी वरच्या खोलीतून खाली येताना वाचायची तसं, मोठ्यांदा.

"जेवायला या."

मी पाटाशेजारी जमिनीवर बसलो. तोंड उघडलं आणि जो आवाज आला तो माझा होता. लतिका गेली. माझी लतिका गेली, आणि मला भूक लागली होती आणि मला कुणी हाक मारत नव्हतं. हे मी बोललो की नुसता ओरडलो ते मैथिलीला माहीत. ती माझ्या शेजारी बसली होती आणि माझं डोकं तिच्या मांडीवर होतं, एवढं आठवतं.

किती वेळानं कोण जाणे, टेबलावरून आवाज आला. कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"बाबा."

मी घाईघाईनं तोंड पुसलं. कॅमेरा लागायला हीच वेळ मिळाली. आता दोघं मिळून मला पेणला नेणार, नक्कीच.

"दिसतोय का रे नीट?" मी विचारलं.

"दिसताय," पुष्कर म्हणाला. पाठोपाठ नाक ओढल्याचा आवाज स्वच्छ आला. राऊटर चांगला आहे, शंका नाही. मग म्हणाला, "ताई, बॅग नको भरू."

"माहितेय मला," मैथिली म्हणाली. ती उठली, आत गेली. कपाटाचं दार वाजलं, सदरे परत फळीवर गेले असावेत. मग तिनं येऊन डबा उघडला, खिचडी गरम केली, तिच्या आईच्या ठरलेल्या जागेवरचं लिंबू तिच्या आईच्या सुरीनं चिरलं. मी तोंड धुवायला मोरीवर गेलो होतो. पाणी गार लागत होतं. गाल माझाच होता.

"बाबा, जेवायला या," तिनं हाक मारली.

"आलो," मी म्हणालो.